मूळ डिस्कच बसवावी

प्रेसच्या मालकांनी जुनं कॉम्प्युटर मशीन दुकानातल्या टेबलावर ठेवलं तेव्हा खारू टेबलाखाली होती. दीड वर्षांच्या लेकीने कुठूनसा एक स्क्रू पैदा केला होता आणि तो गालात दडवून ती आईकडे साळसूदपणे बघत होती. खारूने तिच्या तोंडात बोट घातलं, तेवढ्यात वरून घसा खाकरल्याचा आवाज आला. दोनदा छोटा, एकदा लांब. मग, "आहे का कुणी?"

खारूचं डोकं फळीवर आपटलं.

ते खाकरणं तिने पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तरी उठून तोंड बघायची गरज पडली नाही. 

"मिस्त्री कुठायत?" मालकांनी विचारलं.

"मीच मिस्त्री." एका कडेवर लेक, दुसऱ्या हातात लाळेने भिजलेला स्क्रू.

"तुम्ही?"

"ही अजून शिकतेय," खारू लेकीकडे बोट दाखवत म्हणाली, "तोवर मीच."

मालकांचे केस पांढरे झाले होते, बाकी सगळं तेच. चष्मा पुसायला समोरच्याचा कागद उचलायचा, तेही तेच. खारूने सकाळभर बसून काढलेली वायरिंगची आकृती त्यांनी उचलली, काचा पुसल्या आणि चुरगळून बाजूला ठेवली. त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कुठून? शेवटचं बघितलं तेव्हा ती जेमतेम या टेबलाच्या वर डोकावायची.

"हे आमचं पहिलं मशीन. अक्षरजुळणीचा जो प्रोग्राम आज गावोगावचे छापखाने वापरतात, तो आम्ही यावर लिहिला. त्याच वर्षी नवी मशीनं आली, तेव्हापासून हे अडगळीत. येत्या चौदाला पंचवीस वर्षं होतील. सभागृह घेतलंय, जुनी माणसं बोलावलीयत, मोठ्या पडद्यावर दाखवायचंय. चालू झालंच पाहिजे."

"आम्ही म्हणजे किती जणांनी लिहिला?"

"आम्ही म्हणजे मी," मालक म्हणाले. "आतली हार्ड डिस्क अडकलीय म्हणतात. ती काढून टाका. नवी एसएसडी डिस्क बसवा. आमचा जावई सांगत होता, आवाज नाही, दगा नाही. अक्षरजुळणीचा तेवढा फोल्डर तिच्यात उचलून टाका, बाकी काही नको. आणि जुनी डिस्क मला परत पाहिजे, हातोडीने फोडणार आहे. प्रेसचं खाजगी असतं."

चौदा तारीख तिला कुणी सांगायला नको होती. तो तिचा वाढदिवस.

*

बाबा त्या प्रेसमध्ये छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुढे प्रेसमध्ये कुणाचं तरी वापरलेलं एक मशीन आलं आणि त्याला हात लावायला कुणी धजेना, तेव्हा बाबांनी लावला. पुस्तकं आणून शिकले. कामाचे तास संपल्यावर बसून तेरा महिन्यांत त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहिला. खरं तर तो चार दिवस आधीच तयार झाला होता. पण बाबांनी काहीबाही सांगून तो लांबवला, आणि चौदा तारखेला सकाळी, प्रेस उघडायच्या आधी, आठ वर्षांच्या लेकीला घेऊन गेले.

तिला खारू म्हणायचे तेच. स्क्रू, रबरबँड, पेन्सिलीचे तुकडे, जे दिसेल ते ती खिशात भरायची म्हणून. त्या सकाळी बाबांनी तिला मांडीवर घेऊन मशीन सुरू केलं. आत काहीतरी घूं करत फिरायला लागलं, मग खर्र, खर्र, कट्. आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तिचं नाव उमटलं. नावापुढे बरंच काही होतं, पण स्वतःचं नाव दिसल्यावर पुढचं वाचतंय कोण!

"आता एक बटण दाबायचं," बाबा कानात म्हणाले, "की हे जाईल आणि काम सुरू होईल. दुसरं कुठलंही दाब, हलायचं नाही. कुठलं ते तुला नि मला ठाऊक. कुणाला सांगायचं नाही."

तिने दाबलं. दहा वाजता माणसं आली, मालकांनी भाषण केलं.

सात महिन्यांनी प्रोग्रामच्या पेट्या छापून आल्या. त्यांवर मालकांचं नाव होतं, ठळक. बाबा विचारायला गेले. आठवड्याने प्रेसच्या दारात, सगळ्यांसमोर, बाबांची पिशवी उपडी केली गेली. सात फ्लॉप्या निघाल्या. स्वतःच्याच प्रोग्रामच्या प्रती, घरी चुका दुरुस्त करायला आणलेल्या. मालक एकच शब्द बोलले. चोर.

त्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आले. डबासुद्धा प्रेसमध्येच राहिला होता. पुढे त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, पंखे केले, पण कीबोर्डला बोट लावलं नाही. ते गेले त्या दिवशी जिन्यात शेजारीण कुणाला तरी सांगत होती, "चोरीवरून काढलं होतं ना त्यांना?" एकोणीस वर्षांची खारू पाण्याचा हंडा घेऊन तिथेच उभी होती. ते वाक्य तिने तेव्हाच खिशात टाकलं. अजून होतं.

*

मालकांचं मशीन तिने उघडलं ते लेक झोपल्यावर. लेकीची झोप हेच तिचे कामाचे तास. दुपारचे दीड, फार तर पावणेदोन तास. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मधल्या दारात सासूबाई, निवडायचं काहीतरी घेऊन बसलेल्या. सासूबाईंनी चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली. जगाची बोलणी ऐकली, पण एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, असं त्या दिवसातून दोनदा सांगायच्या.

"कुणाचं गं हे?"

"ज्याने बाबांना चोर म्हटलं त्याचं."

सासूबाईंचा हात थांबला. "आणि तू घेतलंस?"

"घेतलं."

त्यांनी सुनेकडे एकदा बघितलं. मग पुन्हा निवडायला लागल्या. "बरं केलंस."

डिस्क खरंच अडकली होती. फार वर्षं पडून राहिली की आतली तबकडी आणि वाचणारी सुई एकमेकींना चिकटतात. खारूने लेकीची गरम पाण्याची पिशवी भरली, डिस्क कोरड्या फडक्यात गुंडाळून तिच्यावर अर्धा तास ठेवली. मग तळव्यावर धरली, वीज दिली आणि मनगटाला एकच हिसका दिला, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडताना देतात तसा. काही नाही. दुसरा हिसका. काही नाही. तिसऱ्याला डिस्क हातातच थरथरली.

घूं. खर्र, खर्र, कट्.

खारू खाली बसली. आठ वर्षांची झाली एकदम.

तिने आधी सांगितलेलं काम केलं. नवी एसएसडी घेतली. या जुन्या मशीनला एवढी मोठी डिस्क झेपत नाही, म्हणून तिला लहान असल्याचं सोंग घ्यायला लावलं. फोल्डर उचलून तिच्यात टाकला, मशीनच्या आतल्या घड्याळाची मेलेली बॅटरी बदलली, मशीन सुरू केलं. चहाचा घोट घेईपर्यंत प्रोग्राम हजर. आवाज नाही, काही नाही.

मग दार लोटून घेतलं आणि घड्याळात चौदा तारीख घातली.

प्रोग्राम सुरू झाला. नुसताच. तिचं नाव आलं नाही.

पुन्हा केलं. नाही आलं. "पुसलंय त्याने," ती म्हणाली. "तेही पुसलंय मेल्याने."

लेक मागे कुरकुरली. सासूबाईंनी थोपटलं. खारू हातात जुनी डिस्क घेऊन बसून राहिली. बाबा हुशार होते. घरातली चांगली चहापत्ती ते डब्यात ठेवायचे नाहीत, डब्याच्या मागे ठेवायचे. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख पडलं. डिस्कच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या फाइलच्याही आधी, एक रिकामी पट्टी असते. मशीन सुरू होताना तिच्यावरूनच आत जातं, पण फाइलींच्या यादीत ती दिसत नाही. घराच्या खोल्या मोजताना उंबरठा कुणी मोजतं का? मालकांनी खोल्या तेवढ्या हलवायला सांगितल्या होत्या.

तिने जुनी डिस्क जोडली. चौदा तारीख, हे वर्ष. घूं. खर्र, खर्र, कट्.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"खारू, आज तू ३३ वर्षांची झालीस."

आठ नाही. तेहतीस. बाबांनी आकडा लिहूनच ठेवला नव्हता, हिशोब लिहून ठेवला होता. पंचवीस वर्षं अंधारात पडलेल्या त्या लोखंडी डबीत कुणीतरी तिचं वय मोजायला तयार बसलं होतं.

पुढचं तिने त्या सकाळी वाचलं नव्हतं, ते आता वाचलं. दोनदा वाचलं. मग लेक जागी होऊन रांगत आली आणि तिच्या पायाला धरून उभी राहिली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपले गाल ओले आहेत आणि दात घट्ट आवळलेले आहेत.

*

"मी काय करते," खारू म्हणाली, "ही डिस्क मरायला टेकलीच आहे. भरसभेत बंद पडू देते. बसू दे त्याला तोंडात मारल्यासारखं."

"आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणतील, मशीन जुनं होतं बिचारं," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं काय गेलं?"

"मग एसएसडीवरच घालते सगळं. बाबांचं हे आणि वर माझ्या चार ओळी. पडद्यावर झळकू दे."

"तुझ्या हाताने घातलंस की तू घातलंस. तो म्हणेल, बाप तसा लेक. फ्लॉप्यांना एक चोर झाला, डिस्कला दुसरी झाली." सासूबाईंनी नातीच्या तोंडात घास दिला. "अगं, टेलिफोनवर मी काय शिकले सांगू? आपण बोललो तर चुगली. लाइन जोडून दिली तर नोकरी. तू नुसती लाइन जोड. बोलायचं तुझ्या बाबांनी ठेवलंय."

खारूने सासूबाईंकडे बघितलं. "आई, तुम्ही फार भयंकर बाई आहात हां."

"बघत काय बसतेस? पातेलं आण."

म्हणजे जुनी डिस्कच हवी, तीही तिने मागितलेली नको. मालकांनी स्वतःच्या तोंडाने मागितली पाहिजे.

*

चार दिवसांनी मालक बघायला आले, त्याआधीच खारूने घड्याळात पुन्हा खरी तारीख घातली होती. खारूने एसएसडी लावलेलं मशीन त्यांच्यासमोर सुरू केलं. पडदा लागला, प्रोग्राम आला.

"चालू करा," मालक म्हणाले.

"झालं."

"कधी?"

"तुम्ही बसलात तेव्हा."

मालकांनी कॅबिनेटला कान लावला. "आवाजच नाही. लोकांना वाटेल, नवा कॉम्प्युटर जुन्या खोक्यात भरलाय."

"वाटायला कशाला, तसंच आहे," खारू म्हणाली. "पण तुम्ही हेच घ्या साहेब. मी खरं सांगते. एसएसडीत फिरणारं काही नाही म्हणून बिघडणारं काही नाही. जुनी डिस्क मी चालू केलीय, पण तिचा भरवसा मी देणार नाही. कधी फिरेल, कधी बसेल."

यातला शब्दन् शब्द खरा होता. खोटं बोलायला लागलं नाही याचं तिलाच बरं वाटलं.

"चालू केलीत? ऐकवा."

तिने केबल बदलली, मनगटाने हिसका दिला. घूं, खर्र, खर्र, कट्. लेक पाळण्यात टाळ्या पिटायला लागली. मालकांनी डोळे मिटले आणि त्यांची मान हळूहळू हलायला लागली, गाणं ऐकावं तशी.

"हाच," ते म्हणाले. "हाच तो आवाज. आम्ही रात्र रात्र याच आवाजात बसून लिहिला हो प्रोग्राम. हा ऐकून जुनी माणसं रडतील."

"आवाजच हवा असेल तर आणखी एक सोय आहे. एसएसडीबरोबर लावायचं एक बारकं यंत्र मिळतं. आत काही फिरत नाही, नुसतं खर्रकट् करत राहतं. लोकांना फरक कळत नाही."

"म्हणजे खोटा आवाज?" मालक ताठ झाले. "आमच्या कार्यक्रमात खोटं काही चालायचं नाही!"

मधल्या दारात सासूबाईंना जोराचा ठसका लागला.

"मग बघा बुवा," खारू म्हणाली. "उद्या दगा दिला तर माझ्या नावाने खडे फोडाल."

"तुम्ही शेजारी उभ्या राहा. एसएसडी खिशात ठेवा. पण लावायची ती हीच."

"तसं लिहून द्या. आणि आत हात घातला असं नंतर कुणी म्हणायला नको, कॅबिनेट तुमच्यासमोर बंद करते, वर सही करा."

कागदावर सही करायला मालकांना कधीच जड गेलं नव्हतं. खिशातून जाड निबाचं पेन काढून त्यांनी झोकात लिहिलं: मूळ डिस्कच बसवावी. आतील काहीही बदलू नये, वाढवू नये, पुसू नये. माझी जबाबदारी. खाली सही, शेवटी लांब फाटा मारून. खारूने घड्याळात त्या दिवशीची तारीख पुन्हा तपासली, स्क्रू आवळले, फटीवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरही सही घेतली. मग दारापर्यंत पोचवायला गेली.

"मुलगी गोड आहे," मालक जाताजाता म्हणाले. "नाव काय?"

"अजून नुसती खार म्हणतो."

मालक हसले.

*

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्रेसची जुनी माणसं, त्यांच्यात प्रूफबाई. प्रेसमध्ये असताना प्रूफबाई प्रूफं मोठ्याने वाचायच्या, विरामचिन्हांसकट, कारण नुसतं डोळ्यांनी वाचलं की चुका निसटतात. लहान खारूला त्या पेन्सिलीचे तुकडे द्यायच्या. बाबांची पिशवी उपडी झाली त्या दिवशी त्या दाराजवळच उभ्या होत्या आणि हातातल्या प्रूफावरून त्यांनी मान वर केली नव्हती. आता ऐंशीच्या घरातल्या, जाड भिंगाचा चष्मा. तिसऱ्या रांगेत सासूबाई, मांडीवर लेक.

खारूने दुपारपासून कॅबिनेटवर गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. मालकांनी पस्तीस मिनिटं भाषण केलं. तेरा महिने, एकट्याने, अर्धपोटी. मग म्हणाले, "आज मशीनही तेच आहे आणि डिस्कही तीच. तज्ज्ञांनी मला नवी एसएसडी घ्या म्हणून गळ घातली. मी म्हटलं, नाही. अस्सल ते अस्सल." टाळ्या. त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

टक्. आणि शांतता.

पडदा काळा. डिस्क फिरलीच नाही.

मालकांनी पुन्हा दाबलं. टक्. मागून कुणीतरी खोकलं. "काय झालं?" ते ओठ न हलवता म्हणाले.

"अडकली."

"मग ती दुसरी लाव! फोड ती पट्टी. लवकर!"

एसएसडी तिच्या पिशवीत होती. पाच मिनिटांचं काम. तिने ती लावली असती तर प्रोग्राम सुरू झाला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि ही डबी उद्या हातोडीखाली गेली असती. उलट हिसका जरा जास्त बसला तर तबकडीवर ओरखडा उठून सगळंच संपलं असतं. बाबांनी लिहिलेलं घरी उतरवून घेतलेलं होतं तिच्याकडे. पण घरी उतरवलेल्या प्रतींना हे लोक काय म्हणतात, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

तिने पिशवी बाजूला केली. अख्खं कॅबिनेट दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले.

"अहो बाई, काय करताय..."

एक हिसका. काही नाही. दुसरा. तिसऱ्याला तिने डोळे मिटले.

घूं.

तो आवाज माइकने उचलला आणि सभागृहभर केला. खर्र, खर्र, कट्. पहिल्या रांगेत खरोखरच कुणीतरी रुमाल काढला. मालकांनी छाती फुगवून पडद्याकडे हात केला. पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक करून आली, भिंतभर मोठी. मालकांचं तोंड लोकांकडे होतं.

सभागृहात माना वर झाल्या. मग पहिल्या रांगेतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. प्रूफबाईंना मजकूर दिसला की मनातल्या मनात वाचणं जमायचंच नाही.

"खारू, स्वल्पविराम, आज तू तेहतीस वर्षांची झालीस, पूर्णविराम. हा प्रोग्राम तुझ्या बाबाने तेरा महिने बसून लिहिला, पूर्णविराम. मालक म्हणालेत, स्वल्पविराम, पेटीवर माझं नाव छापतील, पूर्णविराम. छापलं तर दुकानात नेऊन तुला दाखवीन, पूर्णविराम. नाही छापलं तर दर वर्षी आजच्या दिवशी इथे ये, स्वल्पविराम, ते इथे आहे, पूर्णविराम."

खाली बाबांचं संपूर्ण नाव होतं. प्रूफबाईंनी तेही वाचलं. मग पुन्हा वाचलं, हळू, आणि या वेळी त्यांचा आवाज फाटला.

मालक वळले. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसायला कागद शोधला, मिळाला नाही.

"हे हिने घुसडलंय!" ते ओरडले. "आत्ता! हिने!"

खारू खिशातला कागद काढून पायऱ्या उतरली आणि प्रूफबाईंच्या हातात दिला.

"मूळ डिस्कच बसवावी, पूर्णविराम," प्रूफबाई वाचू लागल्या. "आतील काहीही बदलू नये, स्वल्पविराम, वाढवू नये, स्वल्पविराम, पुसू नये, पूर्णविराम. माझी जबाबदारी, पूर्णविराम. सही." त्यांनी कागद भिंगाजवळ नेला. "सही मालकांची. फाट्यासकट."

"आणि कॅबिनेटवरची पट्टी?" मागून कुणीतरी विचारलं.

"बघा ना येऊन," खारू म्हणाली. "जशीच्या तशी आहे."

ती परत वर चढली आणि तिच्यामागे दोघेतिघे जुने कामगार खरंच वर आले. वाकून बघितलं. त्यांतला एक हलकेच म्हणाला, "त्या दिवशी पिशवी मी धरली होती." कुणाला सांगितलं ते कळलं नाही.

मालक मशीनवर धावले. एक बटण दाबलं. अक्षरं हलली नाहीत. दुसरं, तिसरं, मग दोन्ही तळव्यांनी अख्खा कीबोर्ड. बाबांचं नाव भिंतीवर तसंच. तिसऱ्या रांगेतून एक लहानगी खिदळली. तिला वाटलं, आजोबा तिच्यासारखेच खेळतायत.

मालकांचं बोट वीज बंद करायच्या बटणाकडे गेलं.

"करा बंद," खारू म्हणाली. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "पण आता बसली तर ती परत उठेलच असं नाही. अस्सल डिस्क आहे. सगळ्यांदेखत तुमच्याच हाताने गेली असं होईल. तेही लिहून द्या."

बोट तिथेच थांबलं. दोनशे माणसं त्या बोटाकडे बघत होती. मालकांनी ते हळूच मागे घेतलं आणि मुठीत झाकलं, भाजल्यासारखं. मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. नाक, हनुवटी, कपाळ.

"तू त्याची..."

"हो. चोराची."

ते दोनदा छोटं खाकरले. तिसऱ्यांदा लांब खाकरता आलं नाही. मान खाली घालून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "काढ ते. हात जोडतो. कुठलं बटण आहे?"

खारू खाली आली. सासूबाईंच्या मांडीवरून लेकीला उचलून कडेवर घेतलं. लेकीने भिंतीवरच्या हिरव्या अक्षरांकडे बोट दाखवलं, खारूने तिचं बोट धरून त्या नावावरून हवेतच एकदा फिरवलं. मग दाराशी जाऊन ती मागे वळली.

"ते बाबांनी सांगितलंय मला," ती म्हणाली. "पण कुणाला सांगायचं नाही असंही सांगितलंय."